जुनी स्पोर्टी गाडी घेताय? साताऱ्याच्या घाटांसाठी टर्बो की बिनटर्बो, हे असं ठरवा

पाच-सहा लाखांच्या आत वेगाची हौस भागवायची तर आपल्याकडे दोन आसनी स्पोर्ट्स कार कुणी शोधत बसत नाही. आपण शोधतो त्या टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून ढकलणारा पंखा असलेल्या गाड्या: पोलो जीटी टीएसआय, लिनिया टी-जेट, बलेनो आरएस, नशिबात असेल तर २००४ सालची १५० पीएसची (म्हणजे अश्वशक्तीची) ऑक्टाविया आरएस. आणि शोधताना तीच गाडी किंवा तिच्याच तोडीची दुसरी बिनटर्बो इंजिनात समोर येते. किंमत कमी, अंगकाठी तीच. मग घरात, कट्ट्यावर, गॅरेजमध्ये वाद सुरू होतो. जगात सगळीकडे हा वाद आहे. टोयोटा सुप्राचं तीन लिटरचं सहा सिलिंडरी इंजिन टर्बोशिवायही मिळायचं आणि जोडटर्बोतही, आणि शौकीन आजही त्यावरून भांडतात.

माझं मत आधीच सांगतो. साताऱ्यासारख्या डोंगराळ भागात टर्बोचा फायदा खरा आहे, मोजता येणारा आहे. पण तो फायदा फक्त त्या गाडीचा, जिची निगा कागदावर दिसते. कागद नसलेल्या टर्बोपेक्षा कागद असलेली बिनटर्बो घ्या, डोळे झाकून. पुढचं सगळं हे ठरवायचं कसं, याबद्दल आहे.

पहिली पायरी: आकडे नीट वाचा

जाहिरातीत पीएस लिहिलेलं असतं आणि आपण तेवढंच बघतो. पोलोचं उदाहरण घ्या. २०१० च्या आसपास आलेल्या पोलो १.६ ला १०५ पीएस. नंतर २०१३ मध्ये आलेल्या जीटी टीएसआयच्या १.२ टर्बोलाही १०५ पीएस. कागदावर बरोबरी. पण १.६ चा टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, १५३ न्यूटन मीटर आणि तो मिळतो ३८०० आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या). टर्बोचा टॉर्क १७५, आणि तो १५०० पासूनच हातात येतो, चार हजारांपर्यंत टिकतो. म्हणजे वळणातून बाहेर पडताना १.६ वाल्याला गिअर खाली टाकावा लागतो, टर्बोवाला नुसता पाय दाबतो.

लिनियात हा फरक आणखी ठळक आहे. 'फायर' नावाचं साधं इंजिन आणि टर्बोचं टी-जेट, दोन्ही १३६८ सीसी. साध्याला ९० पीएस आणि ११५ न्यूटन मीटर, टर्बो चढवल्यावर ११४ पीएस आणि २०७ न्यूटन मीटर. टॉर्क जवळजवळ दुप्पट. साधी लिनिया वजनाच्या मानानं कायम कमजोर वाटली, म्हणून लिनिया घ्यायची तर मी टी-जेटच सुचवेन. पोलोत मात्र तसं एका वाक्यात सांगता येत नाही.

त्याचं कारण गिअरबॉक्स. पोलो १.६ पाच गिअरची मॅन्युअल आहे. जीटी टीएसआय मॅन्युअलमध्ये आलीच नाही, ती सात गिअरच्या डीएसजीतच, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्येच मिळाली. म्हणजे तिथं तुम्ही इंजिन निवडत नसून आख्खा गिअरबॉक्स निवडताय. टर्बोही हवा आणि हातात गिअरही हवा, तर २०२० नंतरची पोलो १.० टीएसआय बघा. ११० पीएस, सहा गिअरची मॅन्युअल. तिची ऑटोमॅटिक डीएसजी नाही, टॉर्क कन्व्हर्टरची, म्हणजे क्लचऐवजी ऑईलमधून ताकद पुढे देणारी आहे आणि जुन्या बाजारात ही गोष्ट फार मोलाची आहे.

दुसरी पायरी: तुमचा रस्ता कुठला?

इंजिनाची ताकद शेवटी आत जाणाऱ्या हवेवर ठरते. उंची वाढली की हवा विरळ होते, ढोबळमानानं दर शंभर मीटरला एक टक्का. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर, कास पठार १२०० च्या आसपास, महाबळेश्वर साडेतेराशेच्या घरात. बिनटर्बो इंजिन बाहेर असेल तेवढीच हवा ओढतं. त्यामुळे महाबळेश्वरात पोचेपर्यंत त्याची बारा टक्क्यांच्या आसपास ताकद गेलेली असते. १०५ पीएसची गाडी तिथं ९२-९३ ची उरते. चार माणसं, डिकीत सामान आणि एसी चालू असेल तर पसरणी घाट चढताना हे पायाला कळतं.

टर्बो हवा दाबून आत ढकलतो. हवा विरळ झाली की तो जास्त वेगानं फिरतो आणि ठरलेला दाब बऱ्याच अंशी भरून काढतो. फुकट नव्हे, त्यात तो जास्त तापतो. पण चालवणाऱ्याला घाटात गाडीचा दम टिकलेला जाणवतो. पोलादपूरहून आंबेनळी घाटानं महाबळेश्वर गाठायचं म्हणजे साधारण चाळीस किलोमीटरात तेराशे मीटरची चढण. तिथं दोन्ही गाड्या लागोपाठ चालवल्या की वाद मिटतो.

आता उतार. याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. केळघर किंवा कुंभार्ली उतरताना ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नसतं, इंजिनावर गाडी रोखायची असते. ही रोखण्याची ताकद इंजिनाच्या सीसीवर आणि गिअरवर अवलंबून असते. १.६ मॅन्युअल दुसऱ्या गिअरात टाकली की ती गाडी धरून ठेवते. १.० किंवा १.२ चं छोटं टर्बो इंजिन तेवढं धरत नाही. डीएसजी असेल तर उतारावर डी मध्ये राहू नका, हातानं गिअर खाली घ्या. पावसाळ्यात घाटात धुकं असताना हा फरक जिवावरचा असतो.

सांगली-मिरजेकडच्या वाचकांसाठी गणित वेगळं आहे. तिकडं रस्ते सपाट, उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला. गरम हवा कुठल्याही इंजिनाला नकोच असते, पण टर्बोत ती आणखी दाबून आणखी तापते, ती थंड करणाऱ्या इंटरकूलरवर ताण येतो आणि इंजिनाचा संगणक ताकद कापतो. सपाट रस्त्यावर उंचीचा फायदाही नाही. सांगलीत राहून रोज गाडी चालवणाऱ्याला मी बिनटर्बोकडे वळवेन. होंडा सिव्हिकचं १.८ आय-व्हीटेक इंजिन, १३२ पीएस, हे त्या रस्त्यांसाठी आजही सुंदर आहे. ते वरच्या आरपीएमला ज्या सलगपणे चढतं, ते सुख कुठल्याही छोट्या टर्बोत मला मिळालेलं नाही.

आणि रोजचं अंतर? घरातून पोवई नाका, तिथून एमआयडीसी, परत घर, एवढाच फेरा असेल तर टर्बो घेऊ नका. इंजिन नीट तापायच्या आत बंद होतं, न जळलेलं पेट्रोल ऑईलमध्ये उतरतं आणि ऑईल पातळ होतं. टर्बोचं आयुष्य त्याच ऑईलवर असतं. आठवड्याला पुणे, महिन्यातून दोनदा कोयनानगरमार्गे चिपळूण, अशी लांबची धाव असणाऱ्यालाच टर्बो शोभतो आणि टिकतो.

तिसरी पायरी: दुरुस्ती करणारा आधी शोधा, गाडी नंतर

बिनटर्बो इंजिन आपल्याकडचा कुठलाही जाणता मेकॅनिक उघडू शकतो. टर्बोचं तसं नाही. त्यातही टर्बोची दुखणी आणि थेट इंजेक्शनची दुखणी वेगवेगळी आहेत, आणि लोक सगळं टर्बोच्या माथी मारतात.

टीएसआय आणि बलेनो आरएसच्या बूस्टरजेट इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. त्यामुळे हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडतच नाही, ते धुतले जात नाहीत, आणि वर्षानुवर्षे काजळी साचत जाते. लक्षणं म्हणजे सकाळी थंड असताना गाडी थरथरणं, आयडलला (पाय न देता इंजिन नुसतं चालू असताना) अडखळणं, पिकअप हळूहळू मरणं. इलाज आहे, हवा आत नेणारा मॅनिफोल्ड काढून व्हॉल्व्ह साफ करून घेणं, पण ते काम केलेला माणूस हवा. याउलट टी-जेट आणि जुन्या ऑक्टाविया आरएसच्या १.८ टर्बोत पेट्रोल व्हॉल्व्हच्या आधीच फवारलं जातं, तिथं हा त्रास नाही. १.८ टर्बोची दुखणी निराळी: इग्निशन कॉइल जाणं, व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या तडकणं, टर्बोचा जादा दाब सोडणाऱ्या डायव्हर्टर व्हॉल्व्हचा पडदा फाटणं. यातलं बरंचसं स्वस्तात होतं, पण कुठली नळी तडकलीय हे शोधणारा संयमी हात लागतो.

१.२ टीएसआयच्या सुरुवातीच्या पिढीत टायमिंग चेन (व्हॉल्व्हची उघडझाप इंजिनाशी जुळती ठेवणारी साखळी) होती आणि ती सैल पडण्याची तक्रार जगभर झाली. नंतरच्या पिढीत बेल्ट आला. समोरच्या गाडीत कुठलं आहे हे इंजिन क्रमांक देऊन विचारून घ्या, विक्रेत्याच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

डीएसजीचं सगळ्यात महत्त्वाचं. पोलोतल्या सात गिअरच्या डीएसजीत कोरडे क्लच असतात, ऑईलमध्ये बुडालेले नसतात. सरळ रस्त्यावर हा गिअरबॉक्स अप्रतिम चालतो. पण पाचगणीकडे सुट्टीच्या दिवशी लागलेल्या रांगेत इंचाइंचानं सरकताना, किंवा गळीत हंगामात कराड-इस्लामपूर भागात उसाच्या ट्रॉलीमागं रखडताना क्लच सतत अर्धवट घसरत राहतो आणि तापतो. त्याचं गिअर आणि क्लच चालवणारं मेकॅट्रॉनिक युनिट गेलं तर खर्च असा येतो की गाडी विकायचा विचार मनात येतो. म्हणून डीएसजीची गाडी घेण्याआधी सातारा, कराड, कोल्हापूर किंवा पुणे, यातल्या कुठल्या गॅरेजात ते काम प्रत्यक्ष होतं, हे फोन करून नव्हे, जाऊन बघून या. पुणे सुमारे ११० किलोमीटर, कोल्हापूर १२०. बंद पडलेली गाडी टोइंग करून एवढं न्यायची तयारी आहे का, हेही स्वतःला विचारा.

चौथी पायरी: गाडी बघायला जाताना

आदल्या दिवशीच सांगून ठेवा की इंजिन थंड पाहिजे. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा प्या, गप्पा मारा, दोन-तीन तास थांबा किंवा दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन जे बोलतं ते गरम झाल्यावर लपतं.

सुरू करताना खिडक्या उघड्या ठेवा. चेनचा खडखडाट पहिल्या काही क्षणांतच ऐकू येतो. टर्बोच्या बाजूनं पत्र्यासारखा बारीक थरथराट आला तर टर्बोचा दाब आवरणाऱ्या वेस्टगेट झडपेची कडी झिजलेली असू शकते. मित्राला सायलेन्सरमागं उभं करा आणि धुराचा रंग बघायला सांगा. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. तो कधी येतो हे महत्त्वाचं: बराच वेळ आयडलला ठेवून मग रेस दिल्यावर आला तर टर्बोच्या सीलचा संशय घ्या, लांब उतार गिअरवर उतरून पाय दिल्यावर आला तर व्हॉल्व्ह सीलचा. काळा धूर आणि सोबत सूंऽऽ असा हवेचा आवाज म्हणजे इंटरकूलरची नळी कुठंतरी सुटलेली. पांढरा, न थांबणारा, गोडसर वासाचा धूर दिसला तर कूलंट जळतंय, हेड गास्केट गेल्याची शक्यता. तिथून नमस्कार करून निघा.

टर्बोकडे जाणारी हवेची नळी मेकॅनिककडून काढून घ्या. आत ऑईलचा हलका थर असतोच, त्याला घाबरू नका. ऑईल साचलेलं असेल तर घाबरा. पंख्याची दांडी बोटानं हलवून बघा. आडवी किंचित हलली तर चालतं. आतबाहेर सरकली, किंवा पाती भिंतीला घासल्याची खूण दिसली, तर त्या टर्बोचे दिवस भरलेत. या छोट्या टर्बोंचे पंखे पूर्ण जोरात मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरतात, तिथं थोडीशी झीजही पुरते.

मग स्कॅनर लावा. फोक्सवॅगन-स्कोडाला त्यांच्या प्रणालीचा खोल वाचणारा स्कॅनर हवा, पाचशे रुपयांचा ब्लूटूथवाला तुकडा गिअरबॉक्समधलं काही सांगत नाही. एकही जुनी नोंद नसेल, सगळं नुकतंच पुसलेलं दिसत असेल, तर तेही वाईटच लक्षण.

कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो याची तपासणी, दोन्ही प्रकारांत करून घ्या. बिनटर्बो आहे म्हणून सोडू नका. सिलिंडरांमधला फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर समाधान माना.

चालवायला साताऱ्यात यवतेश्वराच्या घाटासारखी जागा नाही. समर्थ मंदिराच्या पुढून वर चढा, दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरात १८०० आरपीएमवर स्थिर आणा आणि पाय हळूहळू दाबत जा. वेग वाढवायचा नाहीये, ओढ बघायची आहे. टर्बोत ओढ सलग वाढली पाहिजे, मध्येच धक्का, लटपट किंवा खड्डा नको. बिनटर्बोत ओढ कमी असेल, पण आरपीएमबरोबर प्रामाणिकपणे वाढत गेली पाहिजे. डीएसजी असेल तर चढावर थांबून पहिल्या गिअरात मुद्दाम हळू सरका. थरथर जाणवली तर क्लच झिजलेत. वर पोचल्यावर इंजिन बंद करा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा सुरू करा. बंद केल्यावर बॉनेटखालून पंप चालू राहिल्याचा आवाज आला तर दचकू नका, काही टर्बो इंजिनांत कूलंट फिरवायला तो असतोच.

पाचवी पायरी: कुणी छेडछाड तर केली नाही ना?

टर्बो गाडीत लॅपटॉप लावून ताकद वाढवणं सोपं असतं, म्हणून जुन्या टर्बोंमधल्या बऱ्याच गाड्या कधीतरी रिमॅप झालेल्या, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली फाईल बदललेल्या असतात. विकताना फाईल मूळची टाकली जाते, पण झालेली झीज तशीच राहते. मोठा एअर फिल्टर, बदललेला सायलेन्सर, डॅशबोर्डवर टर्बोचा दाब दाखवणाऱ्या बूस्ट मीटरची भोकं, यावरून ओळखा. पोलोतल्या डीएसजीची टॉर्क सोसायची मर्यादा २५० न्यूटन मीटर आहे. मूळ १७५ ला भरपूर मोकळीक होती. ती रिमॅपनं खाऊन टाकलेली गाडी मी घेणार नाही.

बिनटर्बोला बाहेरून टर्बो बसवून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. त्या इंजिनाचं कॉम्प्रेशन, पिस्टन, कूलिंग त्यासाठी बनलेलं नसतं. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल चालत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये तेच अधोरेखित केलंय. अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो.

सहावी पायरी: इथेनॉल

आपल्याच भागातल्या कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांमधून निघणारं इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के असतं. जुन्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत, त्या काळचे रबरी पाइप आणि सील कडक होतात, तडकतात. पेट्रोलचा वास येतोय का, हे टाकीपासून इंजिनापर्यंत नाकानं तपासा. मायलेज दोन्ही प्रकारांत थोडं पडतं, कारण लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशानं कमी असते. टर्बोला एक फायदा मात्र मिळतो, इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असल्यानं नॉकिंग (पेट्रोल वेळेआधी पेटून होणारी ठोठो) दबतं. तरी हौसेची गाडी म्हणून पावसाळाभर झाकून ठेवणार असाल तर सावध राहा. इथेनॉल ओल ओढून घेतं, आणि थेट इंजेक्शनच्या महागड्या पंपाला पाणी सोसत नाही. उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी बिनटर्बो, साधं इंजेक्शन, हेच बरं.

सातवी पायरी: कागद आणि पैसे

आरसीवरचा इंजिन क्रमांक आणि चासी क्रमांक गाडीवर स्वतः वाचून जुळवा. इंजिन बदललेलं असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी. बँकेचा बोजा उतरलाय का, चलनं थकलीत का, हे ऑनलाइन दिसतं. पंधरा वर्षांच्या जवळ आलेली गाडी असेल तर नोंदणीचं नूतनीकरण, तपासणी आणि पर्यावरण कर कुणी भरायचा हे व्यवहारातच ठरवा. एमएच ११ किंवा एमएच ५० पासिंगची गाडी मिळाली तर मालकाची माहिती गावातच काढता येते आणि ती सर्व्हिस बुकाइतकीच उपयोगी पडते. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. परराज्यातली असेल तर एनओसी आधी.

पैशांचा माझा हिशोब असा: बिनटर्बो घेताना किमतीच्या दहाव्या भागाएवढी रक्कम बाजूला ठेवा, टर्बो घेताना चौथ्या. चार लाखांची टर्बो म्हणजे हातात पाच लाख हवेत. ते नसतील तर चार लाखांतली उत्तम बिनटर्बो घ्या आणि निवांत चालवा.

घेतल्यानंतरचा पहिला महिना

आधीच्या मालकानं काहीही सांगितलेलं असो, ऑईल, फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑईल आणि प्लग पहिल्याच आठवड्यात बदला. फोक्सवॅगन-स्कोडाच्या पेट्रोल इंजिनांसाठी डब्यावर ५०२ ०० हा दर्जा लिहिलेलं ऑईलच घ्या, सुटं नको. कंपनीचा अंतराल पंधरा हजार किलोमीटरचा असला तरी जुन्या टर्बोत मी साडेसात हजारांच्या पुढं जाऊ देणार नाही. बिनटर्बोला दहा हजार चालेल.

टर्बो घेतली असेल तर घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला दोन गोष्टी शिकवा. सकाळी निघाल्यावर पहिली पाच-सात मिनिटं पाय हलका. आणि घाट चढून पोचल्या पोचल्या चावी फिरवायची नाही. एक मिनिट आयडलला राहू द्या, तापलेल्या टर्बोत अडकलेलं ऑईल करपून कोळसा होतं, त्याला निवायला वेळ द्या. बिनटर्बोला यातलं दुसरं लागत नाही, पहिलं मात्र तिलाही लागतं.